पेटीतल्या बाळाची सोनोग्राफी: उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हातातला प्रोब

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या, जेमतेम एक किलो वजनाच्या बाळाला नवजात अतिदक्षता विभागातून तपासणीसाठी दुसऱ्या खोलीत नेणे ही स्वतःच एक जोखीम असते. त्याच्या श्वासनलिकेत नळी असते, बेंबीतल्या शिरेतून आणखी एक बारीक नळी आत गेलेली असते, औषधांचे पंप जोडलेले असतात, आणि काचेच्या पेटीतून बाहेर काढल्यावर त्याचे अंग काही मिनिटांतच गार पडू लागते. त्यामुळे अशा बाळाच्या बाबतीत तपासणीलाच बाळापाशी यावे लागते. छातीचा फोटो काढणारे एक्स-रेचे फिरते यंत्र पूर्वीपासून येत आले आहे. सोनोग्राफीचे यंत्रही येत असे, पण ते रेडिओलॉजिस्ट किंवा हृदयरोगतज्ज्ञ यांच्यासोबत आणि त्यांच्या वेळेप्रमाणे. गेल्या दोन-अडीच दशकांत यात जो बदल झाला तो यंत्रापेक्षाही हातांचा आहे: बाळावर रात्रंदिवस उपचार करणारे नवजात शिशुतज्ज्ञच आता प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा यंत्राचा भाग, हातात घेतात आणि पडद्यावर जे दिसते त्यावर त्याच मिनिटाला निर्णय करतात.

ही सोनोग्राफी रेडिओलॉजिस्टच्या सोनोग्राफीची जागा घेत नाही, आणि तसे समजण्यात धोका आहे. रेडिओलॉजिस्ट एखादा अवयव सर्व बाजूंनी पाहून सविस्तर अहवाल देतात. खाटेशेजारच्या सोनोग्राफीत डॉक्टरांच्या मनात एक नेमका प्रश्न असतो: छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली आहे का, हृदय नीट भरते आहे का, शिरेतल्या नळीचे टोक कुठे पोहोचले आहे. उत्तर मिळाले की उपचार बदलतो, आणि उपचाराचा परिणाम झाला की नाही हे तासाभराने पुन्हा पाहता येते. पुन्हा पुन्हा पाहता येणे हेच माझ्या मते या तपासणीचे सर्वांत मोठे बळ आहे. युरोपातील बालरोग आणि नवजात अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली या विषयावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली निदानासाठी आणि नळ्या-सुया घालताना अशा दोन्ही कामांसाठी या तपासणीला पाठिंबा देणारा अहवाल काढला.

सोनोग्राफीत माणसाला ऐकू न येणारा ध्वनी वापरतात. आपल्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांची आहे. नवजात बाळासाठीच्या प्रोबमधून निघणाऱ्या लहरी सेकंदाला साधारण सत्तर लाख ते सव्वा कोटी किंवा त्याहूनही अधिक कंपनांच्या असतात. या लहरी शरीराच्या मऊ भागांतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात, दोन वेगळ्या ऊतींच्या सीमेवर आदळून काही अंशी परत येतात, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून यंत्र प्रत्येक सीमेची खोली ठरवून चित्र उभे करते. कंपने जितकी जास्त तितके चित्र बारकाईचे, पण लहर तितकी खोल जात नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत ही अडचण असते. बाळाच्या बाबतीत मात्र हृदय, मेंदू, आतडी हे सर्व कातडीपासून काही सेंटिमीटरवरच असल्यामुळे उच्च कंपनांचा प्रोब सहज वापरता येतो. शिवाय बाळाच्या छातीच्या पिंजऱ्यातला बराच भाग अजून कूर्चेचा असतो, चरबी नसल्यातच जमा असते आणि टाळू उघडी असते. सोनोग्राफीसाठी याहून सोयीचे शरीर नाही. यात क्ष-किरणही नसतात.

टाळूपासूनच सुरुवात करू. डोक्याच्या हाडातून या लहरी नीट जात नाहीत, पण पुढच्या टाळूवर हाड नसते, आणि ती बहुतेक मुलांमध्ये नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरते. तोपर्यंत मेंदूकडे पाहायला ती उघडी खिडकी असते. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत, पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला, अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचे एक जाळे असते. गर्भातल्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे हे जाळे साधारण चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत आपोआप विरून जाते. त्याआधी जन्म झाला, आणि श्वास, रक्तदाब किंवा रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वरखाली झाला, तर या वाहिन्या फुटू शकतात. बहुतांश रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत होतात, आणि पुष्कळदा बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही. अमेरिकेतील ल्यू-अ‍ॅन पापिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली या रक्तस्रावाच्या चार श्रेणी सांगितल्या, आणि त्याच आजही वापरल्या जातात. पहिल्या श्रेणीत रक्त त्या जाळ्यापुरतेच असते, दुसरीत ते पोकळीत उतरते, तिसरीत पोकळी फुगते, आणि चौथीत शेजारच्या मेंदूच्या गाभ्यालाही इजा झालेली असते. ती पाहणी सीटी स्कॅनवर झाली होती, म्हणजे अत्यवस्थ बाळांना हलवून नेऊन. पुढे टाळूवरून सोनोग्राफी होऊ लागली आणि तेच प्रश्न पेटीच्या दारातून हात आत घालून सोडवता येऊ लागले.

पालकांना इथे एक गोष्ट समजणे फार गरजेचे आहे. पहिल्या आठवड्यातली डोक्याची सोनोग्राफी चांगली आली म्हणजे काम संपले असे नाही. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला रक्तपुरवठा कमी पडून जी इजा होते, तिच्या पोकळ गाठी दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून तिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळांची डोक्याची सोनोग्राफी पहिल्या सात ते दहा दिवसांत, मग चार ते सहा आठवड्यांनी, आणि पुन्हा बाळाचे मूळ दिवस भरण्याच्या सुमारास किंवा घरी सोडण्याआधी करण्याची पद्धत आहे. तब्येत बिघडली तर मधल्या काळातही ती केली जाते. यातली शेवटची तपासणीच अनेकदा राहून जाते, कारण तोवर बाळ दूध प्यायला लागलेले असते, वजन वाढत असते आणि सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असते.

मेंदूपेक्षा फुप्फुसाची गोष्ट वेगळी आहे. कित्येक वर्षे असे शिकवले जात होते की फुप्फुसाची सोनोग्राफी करून उपयोग नाही, कारण हवेवर आदळलेला ध्वनी जवळजवळ सगळाच परत फिरतो आणि पलीकडचे काही दिसत नाही. हे खरेच आहे. निरोगी फुप्फुस सोनोग्राफीत दिसतच नाही. पण फ्रान्समधील अतिदक्षता तज्ज्ञ डॅनिएल लिश्टेनस्टाइन यांनी नेमका याच अडचणीचा अभ्यास केला आणि दाखवून दिले की हवेमुळे पडद्यावर उमटणाऱ्या आभासी रेषांनाही अर्थ आहे. फुप्फुसात भरपूर हवा असेल तर फुप्फुसाच्या आवरणाची एक चमकदार रेघ दिसते आणि तिच्याखाली सारख्या अंतरावर तिचीच आडवी प्रतिबिंबे. फुप्फुसात पाणी वाढू लागले की त्या रेघेपासून पडद्याच्या तळापर्यंत उभे पांढरे पट्टे उतरतात. पाणी आणखी वाढले की पट्टे एकमेकांत मिसळून सारे पांढरे होते. आणि हवा पूर्ण गेली की फुप्फुस एखाद्या घन अवयवासारखे स्पष्ट दिसू लागते. म्हणजे आजार जितका वाढतो तितके फुप्फुस दिसायला लागते.

नवजात बाळाला याचा उपयोग किती, हे एका नेहमीच्या प्रसंगातून पाहू. जन्मल्यावर तासाभरात बाळ कण्हू लागले, बरगड्यांखाली खड्डे पडू लागले, श्वास जलद झाला. कारण दोन असू शकतात. एक, सिझेरियननंतर फुप्फुसातले पाणी निघायला वेळ लागतो आहे, जे सहसा दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होते. दुसरे, फुप्फुसाच्या कप्प्यांना उघडे ठेवणारा सरफॅक्टंट हा द्रव पुरेसा तयार झालेला नाही, आणि मग तो बाहेरून श्वासनलिकेत द्यावा लागतो. सुरुवातीला दोन्ही बाळे सारखीच दिसतात आणि छातीचा फोटोही कधी संदिग्ध असतो. सोनोग्राफीत सरफॅक्टंटची कमतरता असलेले फुप्फुस वरपासून खालपर्यंत सर्व भागांत पांढरे दिसते आणि आवरणाची रेघ जाड व तुटक होते. पाणी उरलेल्या फुप्फुसात मात्र वरचा भाग बराच मोकळा आणि खालचा भाग पांढरा, आणि त्या दोहोंमध्ये ठळक सीमा असे चित्र अनेक बाळांत दिसते; इटलीतील डॉक्टरांनी २००७ साली त्याचे वर्णन प्रथम केले.

सरफॅक्टंटची एकेक कुपी हजारो रुपयांची असते. ती लवकर, म्हणजे पहिल्या काही तासांत दिली तर जास्त गुण येतो, आणि गरज नसताना दिली तर बाळाच्या श्वासनलिकेत विनाकारण हस्तक्षेप होतो. पूर्वी निर्णय मुख्यतः बाळाला किती ऑक्सिजन लागतो यावर होत असे, आणि तो आकडा चढेपर्यंत मोलाचा वेळ निघून जाई. आता छातीचे सहा भाग पाहून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात. एकूण गुण जितके अठराकडे झुकतात तितकी फुप्फुसाची अवस्था वाईट. २०१५ साली फ्रान्समधील एका अभ्यासात दिसले की सीपॅपवर, म्हणजे सतत दाबाने हवा देणाऱ्या श्वसनाधारावर, असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी कोणाला सरफॅक्टंट लागेल याचा अंदाज या गुणांवरून पहिल्या तासांतच चांगला येतो. श्वसनविकाराच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांच्या २०२२ च्या आवृत्तीतही सरफॅक्टंट देण्यासाठी ऑक्सिजनच्या गरजेबरोबरच फुप्फुसाच्या सोनोग्राफीचा आधार मान्य केला आहे.

फुप्फुसाच्या सोनोग्राफीची खरी कसोटी मध्यरात्री लागते. व्हेंटिलेटरवर स्थिर असलेल्या बाळाची ऑक्सिजनची पातळी अचानक घसरते, हृदयाचे ठोके मंदावतात, एका बाजूची छाती जराशी फुगल्यासारखी वाटते. फुप्फुसाला भोक पडून छातीच्या पोकळीत हवा साठली असेल, तर ती सुईने किंवा नळीने लगेच काढावी लागते; ती साठलेली नसताना सुई घातली तर चांगल्या फुप्फुसाला इजा होते. अंधार करून छातीवर तीव्र प्रकाश धरण्याची जुनी युक्ती उपयोगी आहे, पण ती नेहमीच खात्रीची नसते, आणि एक्स-रे तंत्रज्ञ येऊन फोटो हाती पडेपर्यंत बाळाला वेळ नसतो. अशा वेळी प्रोब छातीच्या पुढच्या बाजूला, दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत ठेवतात. निरोगी बाळात त्या दोन बरगड्यांच्या सावल्यांमध्ये आवरणाची रेघ प्रत्येक श्वासाबरोबर मुंग्यांची रांग चालावी तशी सरकताना दिसते. हवा मध्ये आली की ती हालचाल थांबते आणि उभे पांढरे पट्टेही नाहीसे होतात. मग प्रोब हळूहळू बगलेकडे नेला तर एका ठिकाणी सरकणारी आणि न सरकणारी रेघ शेजारी शेजारी दिसते. ती जागा सापडली की निदान पक्के. केवळ हालचाल थांबली एवढ्यावरून मात्र सुई घालू नये. श्वासनलिकेतली नळी खाली सरकून उजव्या फुप्फुसात गेली असेल तर डाव्या फुप्फुसाची रेघही थांबते, आणि तिथे उपाय सुईचा नसून नळी थोडी वर ओढण्याचा असतो. त्या स्थितीत डावी रेघ सरकत नसली तरी हृदयाच्या ठोक्याबरोबर किंचित थरथरते. एवढा बारकावा डोळ्यांना सरावानेच येतो.

हृदयाकडे वळताना डक्टसचा उल्लेख टाळता येत नाही, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फाइलमध्ये 'पीडीए' (उघडी राहिलेली डक्टस) ही अक्षरे हटकून येतात आणि नातेवाईक त्याचा अर्थ हृदयाला छिद्र असा घेऊन घाबरतात. ते छिद्र नव्हे. गर्भात असताना फुप्फुसाकडचे रक्त महाधमनीकडे वळवणारी ही एक नैसर्गिक वाहिनी आहे. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारण एक ते तीन दिवसांत बंद होते, लवकर जन्मलेल्या बाळात उघडी राहू शकते. मग रक्त उलट दिशेने, महाधमनीतून फुप्फुसाकडे वाहू लागते, फुप्फुसात रक्त जास्त होते आणि आतडी, मूत्रपिंडे यांना कमी पडते. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत तिचा व्यास, प्रवाहाची दिशा, हृदयाचा डावा वरचा कप्पा किती ताणला आहे आणि पोटातल्या महाधमनीत रक्त मागे फिरते आहे का, हे पाहता येते.

दिसले म्हणजे उपचार केलाच पाहिजे, असे मात्र नाही, आणि याबाबत गेल्या काही वर्षांत आलेले पुरावे मला फार महत्त्वाचे वाटतात. नेदरलँड्स, बेल्जियम आणि डेन्मार्कमधील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अठ्ठाविसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या आणि दीड मिलिमीटरपेक्षा रुंद डक्टस असलेल्या बाळांत, थांबून वाट पाहणे हे डक्टस बंद करण्यासाठी लगेच आयबुप्रोफेन हे औषध देण्यापेक्षा वाईट ठरले नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीतही लवकर आयबुप्रोफेन दिल्याने मृत्यू किंवा फुप्फुसाचा दीर्घकालीन आजार कमी झाला नाही. तेव्हा प्रोब हाती आल्यावर प्रत्येक उघड्या वाहिनीला औषध देण्याचा मोह आवरणे हाही या कौशल्याचाच भाग आहे.

दुसरे उदाहरण रक्तदाबाचे. सिडनीतील मार्टिन क्लुकाउ आणि निक एव्हान्स यांनी तिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळांत डोक्याकडून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा प्रवाह मोजला आणि २००० साली दाखवले की पहिल्या दिवशी हा प्रवाह फार कमी झालेल्या बाळांत नंतर मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण जास्त होते. रक्तदाबाच्या आकड्यावरून मात्र हा कमी प्रवाह नीट ओळखता येत नव्हता. रक्तदाब कमी म्हणून औषध सुरू करण्याआधी हृदय रिकामे आहे, दुबळे आहे की फुप्फुसाच्या वाढलेल्या दाबाशी झगडते आहे, हे पाहण्याची सवय अशा कामातून रुजली. पहिल्यात द्रव द्यावा लागतो, दुसऱ्यात हृदयाला बळ देणारे औषध, तिसऱ्यात फुप्फुसाचा दाब उतरवणारा उपाय. एकाचा उपचार दुसऱ्याला दिला तर बाळ आणखी खालावू शकते.

शिरेतल्या नळ्यांचा विषय छोटा वाटतो, पण जीव वाचण्याच्या दृष्टीने तो छोटा नाही. बेंबीतून किंवा हातातून घातलेल्या नळीचे टोक हृदयाच्या दाराशी, पण आत नको, असे असावे लागते, आणि हाताच्या नळीचे टोक तर बाळाने हात वाकवला तरी जागा बदलते. टोक हृदयाच्या भिंतीला टेकून राहिले तर नळीतून जाणारे पोषक द्रव क्वचित हृदयाभोवतीच्या पिशवीत झिरपतात. काही मिलिलिटर द्रव साठले तरी छोटे हृदय भरायचे थांबते, आणि छाती दाबून किंवा औषधे देऊन उपयोग होत नाही. ते द्रव सुईने बाहेर काढावे लागते. नळी असलेले बाळ अचानक कोसळले तर प्रथम हृदयाभोवती काळी पट्टी दिसते का ते पाहावे, ही शिकवण मला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते. आतड्याच्या गंभीर दाहात भिंतीतली हवा, यकृताच्या शिरेतले हवेचे बुडबुडे आणि पोटात साठलेले पाणी हेही सोनोग्राफीत दिसते, काही वेळा पोटाच्या फोटोआधी. मूत्राशय भरले आहे का हे पाहून लघवीचा नमुना घेणे तर अगदी रोजचे काम आहे.

या तपासणीला मर्यादा आहेत आणि त्या उघडपणे सांगायला हव्यात. निळसर पडलेल्या बाळात जन्मजात हृदयदोष नाही, असे खाटेशेजारच्या झटपट पाहणीवरून कोणी ठरवू नये. तिथे बालहृदयरोगतज्ज्ञांची पूर्ण इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सविस्तर सोनोग्राफी) हवीच, कारण काही दोषांत डक्टस उघडी ठेवणे हाच जगण्याचा मार्ग असतो. चित्र पाहणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर अवलंबून असते, म्हणून शिक्षण, देखरेखीखालचा सराव, चित्रे जपून ठेवणे आणि ती अनुभवी व्यक्तीने तपासणे, यांपैकी एकही पायरी गाळता येत नाही. निदानासाठीच्या तीव्रतेच्या ध्वनीने बाळाला इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी डॉपलरमध्ये ऊर्जा जास्त लागत असल्याने वेळ आणि तीव्रता गरजेपुरतीच ठेवतात. प्रत्यक्षात बाळाला त्रास होतो तो साध्या गोष्टींचा: गार जेल, छातीवर जास्त दाबलेला प्रोब, वारंवार उघडलेली पेटी आणि नीट न पुसलेल्या प्रोबवरून येणारा जंतुसंसर्ग. जेल कोमट करणे, दुसऱ्या कोणी बाळाचे हातपाय हलकेच जवळ धरून ठेवणे आणि प्रत्येक बाळानंतर प्रोब निर्जंतुक करणे यांना पर्याय नाही.

आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ साली देशातले पहिले राज्य ठरले, आणि १९९४ साली केंद्रीय कायदा आला. जन्मलेल्या बाळासाठी वापरले जाणारे यंत्रही गर्भाचे लिंग दाखवू शकते, त्यामुळे अतिदक्षता विभागातल्या यंत्राची नोंदणी या कायद्याखाली करावीच लागते, आणि २०१२ च्या नियमांनुसार छोटे, हलवता येणारे यंत्र मुख्यतः नोंदणी झालेल्या आवारातच, तिथे दाखल रुग्णांसाठी वापरता येते. मोबाइलला जोडता येणारे हातात मावणारे प्रोबही याच चौकटीत येतात. हा कायदा ज्या कारणासाठी आला ते कारण गंभीर आहे आणि नियम पाळलेच पाहिजेत. त्याचबरोबर जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात विभागांना नोंदणीकृत यंत्र आणि प्रशिक्षित डॉक्टर मिळणे तितकेच निकडीचे आहे, कारण भारतात २०२० साली दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची संख्या सुमारे ३० लाख होती आणि त्यांतली अनेक बाळे मोठ्या शहरांपर्यंत पोहोचतच नाहीत.

ज्यांचे बाळ आत्ता पेटीत आहे त्यांनी डॉक्टरांना चार गोष्टी जरूर विचाराव्यात: ही सोनोग्राफी कोणत्या प्रश्नासाठी केली, तिच्यामुळे उपचारात काय बदलले, पुढची कधी होणार, आणि सविस्तर तपासणीसाठी रेडिओलॉजिस्ट किंवा हृदयरोगतज्ज्ञ यांची गरज आहे का. डोक्याच्या प्रत्येक सोनोग्राफीचा लेखी अहवाल डिस्चार्ज कार्डासोबत मागून घ्यावा. सर्व अहवाल चांगले असले तरी काही बाळांना पुढे बसायला, चालायला, बोलायला उशीर होऊ शकतो, म्हणून मूळ दिवसांप्रमाणे धरलेल्या वयाने निदान दोन वर्षांचे होईपर्यंत वाढीची आणि विकासाची तपासणी नियमित व्हायला हवी. श्रवणाची तपासणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सोनोग्राफीने होत नाही. डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळांची त्याही आधी, दोन ते तीन आठवड्यांत करून घ्यावी लागते.